सकाळी येतो

—नाही नाही, मान अशी मागे टाका, अगदी सैल, तेराशिमा-सान. डोकं माझ्या हातात द्या आणि विसरून जा. हां. आणि आता बोलायचं नाही बरं का, गालावर फेस आहे आणि माझ्या हातात वस्तरा. ह्या खुर्चीत बसला की भलाभला गप्प होतो — घरी बायकोचा शब्द ऐकून न घेणारे इथे निमूट सगळं ऐकतात, म्हणून तर हा धंदा मला आवडतो. तर तुम्ही मघाशी विचारत होतात, लोक सभेला येतील का. येतील की! न येऊन जातील कुठे? गावात आता म्हातारेच उरलेत. माझ्या गिऱ्हाइकांची डोकी बघाल तर हसाल — कापायला केस नाहीत, तरी येतात, चहा पितात, मी कानाशी नुसती कात्री वाजवते, त्यांना बरं वाटतं. तुम्ही त्यांना सांगाल मातीत किती, नदीत किती, हवेत किती किरणोत्सर्ग उरलाय, ते माना डोलवतील, आणि शेवटी आमचे सोसुके आजोबा उठून विचारतील की डोंगरातली अळंबी खाऊ का. तुम्ही म्हणाल नका खाऊ. ते म्हणतील, बरं. आणि घरी जाऊन खातील. पंच्याऐंशीचे आहेत, त्यांना कोण काय सांगणार! तुम्ही मनाला लावून घेऊ नका. चांगले आहात तुम्ही. आधी जे अधिकारी यायचे ना, ते कागदात बघून बोलायचे. तुम्ही माणसांकडे बघता.

हनुवटी वर करा थोडी. — अहो, ही खुर्ची जुनीच आहे, हो, तेव्हाचीच. परत आलो तेव्हा हिच्यावर रानडुकराची विष्ठा होती. खोटं नाही सांगत. सहा वर्षं गाव बंद, दाराची काच फुटलेली, डुकरं आत येऊन राहून गेली. आमचे हे म्हणाले, बघ, आपण नव्हतो तरी गिऱ्हाइकं येत होती. हे म्हणजे किन्या, माझा नवरा. तो फोटो आहे ना आतल्या खोलीत, समोर चहाचा पेला ठेवलाय, तेच. आम्ही दोघं मिळून चालवायचो दुकान. दाढी त्यांच्याकडे, केस माझ्याकडे. त्यांचा हात माझ्याहून हलका होता. तुम्हाला त्यांनी केली असती ना दाढी, तर तुम्ही झोपलाच असतात.

तुम्ही कुठे होतात हो भूकंपाच्या दिवशी? … सायतामाला, शाळेत. म्हणजे बाकाखाली शिरला असाल. तुमच्याकडेही हललं होतं ना चांगलंच. आमच्याकडे — आमच्याकडे आरसे आले खाली. हे एका गिऱ्हाइकाची दाढी करत होते, अर्धी झालेली, तो माणूस तसाच फेस घेऊन पळाला. भूकंप थांबला आणि आम्ही खाली बसून काचा वेचायला लागलो, आणि मग आवाज आला. समुद्राचा म्हणून वाटत नव्हता तो, मोठ्या मालगाड्या चालल्यासारखा. आमचं दुकान चढावर, म्हणून वाचलं. खालची वस्ती — बंदर, मासे सुकवायची शेड, ती सगळी ओळ — ती लाटेत गेली. वर उभं राहून बघितली आम्ही जाताना. त्याबद्दल नाही बोलत मी. ते सगळेच बोलतात.

हे गावच्या अग्निशमन दलात होते. सगळे धंदेवाले असतात त्यात, न्हावी, सुतार, मासेवाला, आग लागली की डोक्यावर शिरस्त्राण घालून धावायचं. हे लगेच गेले खाली. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा परत आले, कंबरेपर्यंत चिखल, उभ्याउभ्या पाणी प्यायले, मागच्या खोलीतून करवत काढली, कानशीने तिचे दात घासले आणि दाराशी नीट टेकवून ठेवली. मी म्हटलं, अहो, बसा जरा, काहीतरी खा. म्हणाले, उजाडता जायचंय. बस, तेवढंच. मला वाटलं, रस्ता मोकळा करायचा असेल. झोपले नाहीत. मी पण नाही. धरणी थरथरतच होती, झोप कसली!

आणि उजाडता उजाडता ती गाडी आली, भोंग्याची. गाव सोडा. सगळ्यांनी गाव सोडा, पश्चिमेला डोंगरापलीकडे जा. का, ते सांगत नव्हते. अणुभट्टीत काहीतरी झालंय, एवढं कोणीतरी कोणालातरी म्हणालं. आमच्या गावातले निम्मे पुरुष त्या भट्टीतच कामाला, आम्हाला ती काही भुताची जागा वाटायची नाही, शाळेची सहल जायची तिथे. आणि तरी त्या सकाळी आम्ही कसे निघालो माहितीय? गॅस बंद आहे की नाही बघून, भात लावलेला तसाच टाकून, दोन दिवसांत परत येऊ म्हणून. मी एप्रनसुद्धा काढला नाही. म्हणून तर कात्र्या माझ्याबरोबर आल्या, खिशातच होत्या.

हे नाही आले माझ्याबरोबर. दलाला हुकूम होता, चौकात उभं राहायचं, गाड्यांना पश्चिमेकडे वळवायचं, म्हाताऱ्याकोताऱ्यांना उचलून बसमध्ये घालायचं, शेवटचा माणूस जाईपर्यंत हलायचं नाही. मी बसमधून बघितलं त्यांना. हात असे आडवे पसरून उभे होते, गाड्या वळवत होते. आणि प्रत्येक गाडी वळली की मान मागे करून खाली बंदराकडे बघत होते. मला वाटलं, माझी बस शोधतायत. मी आतून हात हलवला, अगदी वेड्यासारखा.

गाल फुगवा. हां, असा. — तुमची दाढी उलटी वाढते इथे, कानाखाली, सांगितलंय का कोणी?

डोंगरापलीकडच्या त्या शहरात एक शाळा होती, तिच्या व्यायामशाळेत आम्हाला ठेवलं. पण दारातून आत सोडण्याआधी तपासणी. पांढऱ्या पोशाखातली माणसं, तोंडं झाकलेली, नुसते डोळे दिसायचे, हातात ते किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र. ते अंगावरून फिरवायचे, डोक्यापासून पायापर्यंत. आपण हात पसरून उभं राहायचं. गावातल्या बायका, आयुष्यात डॉक्टरपुढेही लाजणाऱ्या, त्या अशा हात पसरून उभ्या. यंत्र गप्प राहिलं तर आत जा. वाजलं तर बाजूला. कोट वाजला तर कोट काढा, पिशवीत घाला. बूट वाजले तर बूट. आणि केस वाजले तर — केस धुवायचे. असा नियम. पण पाणी कुठे होतं? भूकंपात त्या शहराचे नळ गेलेले. प्यायला म्हणून घराला एक बाटली मिळाली होती. तर मग काय करायचं केसांचं? पांढऱ्या पोशाखातला एक मुलगा, हो, मुलगाच तो, तुमच्याएवढा असेल आताच्या, तो म्हणाला, कापावे लागतील, तुमच्यात कोणाला केस कापता येतात का? सगळ्या गावाने वळून माझ्याकडे बघितलं.

मी कापले. काय करणार होते? खाली प्लॅस्टिक अंथरलं, मलाही हातमोजे, तोंडाला फडकं. बायका एकामागून एक येऊन बसायच्या. त्या कात्रीने ह्याच बायकांचे केस वर्षानुवर्षं कापलेले, कुणाला कपाळावर कशी बट हवी ते मला ठाऊक, आणि आता मानेपर्यंत सगळंच काढायचं. रडली नाही एकही. नंतर रडल्या, अंधारात, पांघरुणात. तेव्हा नाही. एक तर म्हणाली, मित्सुए, जरा बरं दिसेल असं काप गं, हे टीव्हीवाले बसलेत बाहेर. मित्सुए म्हणजे मी.

हे आले खूप उशिरा. दिवस मावळला होता. दिवसभर उघड्यावर, चौकात, डोक्यावर नुसतं आभाळ, आणि वारा कुठून कुठे वाहतोय हे आम्हाला कोणीही सांगितलेलं नाही. यंत्र ह्यांच्या डोक्याशी नेलं आणि ते असं वाजायला लागलं की मागच्या रांगेतली माणसं मागे सरकली. गावातलीच माणसं हो! ज्यांना ह्यांनीच बसमध्ये बसवलं होतं. हे माझ्यासमोर येऊन मांडी घालून बसले. मी डोक्याचा पार गोटा करायला घेतला. आणि मी कापत असताना, मागे न बघता, हळू आवाजात म्हणाले — मित्सुए, काल शेडच्या पत्र्याखाली कोणीतरी वाजवत होतं.

मी कापत राहिले.

म्हणाले, शेड आडवी झाली होती, वर घरांचे वासे, होड्या, सगळं. पत्र्यावर ठोकल्याचा आवाज आला. मी शिरस्त्राण काढून वरून ठोकलं, तर खालून तसंच उत्तर आलं. मी ओरडून विचारलं कोण आहे, तर नुसतंच ठोकणं. आवाज फुटत नसेल. हाताने काही हलेना. आणि पुन्हा लाट येतेय म्हणून वरून भोंगे सुरू झाले, उजेड गेला होता, दलाचे प्रमुख म्हणाले, आता थांबलो तर आपणही जाऊ, सकाळी करवती घेऊन येऊ. मी वाकलो, पत्र्याला तोंड लावलं आणि सांगितलं — मी न्हावी किन्या आहे, सकाळी येतो. थांबा, सकाळी येतो.

सकाळी हे प्रमुखांना म्हणाले होते, खाली माणूस आहे, दोघंच जाऊन येतो. प्रमुख म्हणाले, किन्या, वरच्या वस्तीत एवढी जिवंत माणसं आहेत, त्यांना आधी काढायचंय, हा हुकूम आहे. त्या प्रमुखांचा सख्खा भाऊ बंदरावर होता, सापडला नव्हता. तेव्हा त्यांना तरी काय बोलायचं? सांगताना प्रमुखच रडत होते म्हणे.

— हलू नका. वस्तरा मानेवर आहे.

आता ऐका, मग एक पोर आली. आठ वर्षांची, मिओरी. मागे तिची आजी, तोकु आजी, गुडघे धरून चालणारी. पोरीची पाठभर वेणी. घट्ट, एकही केस सुटा नाही. यंत्र फिरवलं तर कोट गप्प, बूट गप्प, आणि वेणीशी गेलं की वाजायला लागलं. तो पांढऱ्या पोशाखातला मुलगा खाली बसला, तिच्या उंचीला आला, म्हणाला, बाळ, आपण केस जरा कमी करूया हं. पोरीने दोन्ही हातांनी वेणी धरली. ओरडली नाही, काही नाही, नुसती धरली, पांढरी पडेपर्यंत बोटं आवळली. मी विचारलं, काय झालं गं राणी? पुन्हा वाढतील की. तर म्हणाली, आईने घातलीय. काल शाळेत जाताना. मी म्हटलं, आई कुठे आहे? तिने आजीकडे बघितलं. तोकु आजी म्हणाली, शेडवर होती कानाए. दुपारची पाळी होती.

हे तिथेच होते. त्या प्लॅस्टिकवर, भादरलेलं डोकं घेऊन, शेजारीच. मी ह्यांच्याकडे बघितलं नाही. हिंमत नाही झाली. पण हे उठले, आमची ती प्यायच्या पाण्याची बाटली घेतली, झाकण उघडलं आणि त्या मुलाला म्हणाले, न सोडता धुतली तर? तो मुलगा म्हणाला, एका बाटलीने नाही व्हायचं. तर ह्यांच्या मागून सुताराची बायको उठली, तिची बाटली घेऊन. मग मासेवाला. मग ज्या मागे सरकल्या होत्या ना, त्या सगळ्या. घरात तान्ही मुलं असलेल्या बायका, तेराशिमा-सान, दुसऱ्या दिवशी पाणी मिळणार की नाही ठाऊक नाही, आणि प्रत्येकीने थोडं थोडं ओतलं. पोर ओणवी उभी, खाली टब, मी वेणी न सोडता पेडापेडात बोट घालून धुतेय, आणि तो मुलगा पुन्हा पुन्हा यंत्र लावतोय. पोर थंडीने थडथड उडत होती, बाहेर बर्फ पडत होता, पण हूं की चूं नाही. शेवटी तो मुलगा म्हणाला, चालेल. यंत्र बंद केलं त्याने. चालेल, म्हणाला, राहू दे. आणि आख्ख्या व्यायामशाळेत टाळ्या पडल्या. हसलो आम्ही. त्या दिवशी हसलो. मी ह्यांना शोधलं तर हे नव्हते. बाहेर गेले होते, तसल्या बर्फात, उघड्या गोट्याने.

थोडा गरम टॉवेल ठेवते. सोसवतोय ना? हां. डोळे मिटून घ्या.

वेणी राहील किती दिवस? केसच ते. नंतर आम्हाला तात्पुरती घरं मिळाली, पत्र्याची, ओळीने. तोकु आजी आणि मिओरी आमच्या मागच्याच ओळीत. पोर डोक्याला हात लावू द्यायची नाही. खाज यायला लागली, वास यायला लागला, शाळेत कोणी जवळ बसेना. मग एक दिवस आजी तिला घेऊन माझ्याकडे आली. मी म्हटलं, मिओरी, मी आधी नीट बघते हं आईने कशी घातलीय, आणि मग तशीच घालून देते. अगदी तश्शीच. आणि मी बघितलं. वेणीत काय बघायचं म्हणाल. पण प्रत्येकीचा हात वेगळा असतो. कानाए डावखुरी होती. तिचा पेड खालून वर यायचा, आणि शेवटाला ती एक वेढा जास्त द्यायची. मी एक एक पेड सोडला, बोटांनी शिकून घेतला, केस धुतले, आणि मग डाव्या हाताने घातली. आरशात दाखवली. पोरीने मागे हात नेऊन चाचपली, डोळे मिटून. म्हणाली, हो. मग रोज सकाळी शाळेआधी यायची. मी वेणी घालायचे आणि हे उठून बाहेर जायचे. रोज. पाऊस असला तरी. खरं तर पावसात आत बसणं त्यांना जमायचंच नाही — पत्र्याचं छप्पर ना. थेंब वाजायला लागले की हे रस्त्यावर.

शोध पुन्हा सुरू झाला तो महिन्याने. तोवर कोणालाही जाऊ दिलं नव्हतं तिकडे. पांढरे पोशाख, मनगटाला चिकटपट्ट्या, ठरावीक वेळच थांबायचं. हे जागा दाखवायला गेले. पत्रा उचलला तर खाली तिघं होती. एक म्हातारा कोळी, एक शेडचा मुकादम, आणि कानाए. डॉक्टर म्हणाले, बुडून, त्याच दिवशी. सगळ्यांचंच त्याच दिवशी म्हणत होते, बरंच केलं त्यांनी. घरच्यांना तेवढाच आधार. पण ठोकत कोण होतं? तिघांतलं कोण? ते कधीच कळलं नाही. हे मला म्हणाले, तिघांनाही मी सांगितलंय असंच समजतो.

मग मिओरी सेन्दाइला गेली, मामाकडे. तिथल्या शाळेत पोरं तिला जंतू म्हणायची. जवळ येऊ नको, तुझी किरणं चिकटतील म्हणायची. तोकु आजी फोनवर सांगायची आणि मी इकडे ऐकून घ्यायचे. काय करणार!

— हां, आता दुसरी बाजू. … काय म्हणता? नाही नाही, तुमचा उशीर मी होऊ देणार नाही, ते घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे.

गाव उघडलं तेव्हा आम्ही परत आलो. पोरं आली नाहीत, म्हातारे आले. दार ढकललं तर करवत पडली पायावर. ह्यांनी टेकवून ठेवलेली तशीच होती, गंजून लाल. हे कितीतरी वेळ ती हातात धरून उभे राहिले. मग समोर जाऊन डुकराची विष्ठा काढायला लागले, आणि ते गिऱ्हाइकांचं बोलले, मघाशी सांगितलं ना, ते. मी हसले. मला वाटलं, चला, सुटले एकदाचे.

आणि मग एका जानेवारीत मिओरीचा फोन आला. वीस वर्षांच्या पोरांचा समारंभ असतो ना, त्याला गावची सगळी पोरं जिथून तिथून येतात, एका दिवसापुरती. म्हणाली, काकू, माझी वेणी तुम्हीच घालायची, तशी. अहो, मी तीन वेळा दुकान पुसलं! आली तेव्हा मी ओळखलंच नाही. उंच, लांब बाह्यांचा किमोनो, फिकट जांभळा, आईचाच म्हणे, आजीने जपलेला. इथे बसली, तुम्ही बसलात तिथेच. केस पुन्हा कंबरेपर्यंत. मी डाव्या हाताने सुरुवात केली, म्हाताऱ्या बोटांना आठवेल की नाही वाटत होतं, पण आठवलं. ती बडबडत होती, नर्सिंगला आहे, अमकं तमकं, आणि मला वाटत होतं, हे संपूच नये. आणि हे आले आतून.

मी त्यांना आदल्या दिवशीच बजावलं होतं. काही बोलायचं नाही. तिचा दिवस आहे. हे म्हणाले होते, मित्सुए, त्या सकाळी आपल्याला काही सांगितलं नाही, का जायचं, वारा कुठे चाललाय, काही नाही. आपल्या भल्यासाठीच नाही सांगितलं म्हणतात. मग मी तिच्याशी तेच करू? मी म्हटलं, हो, करा. तेच करा.

ऐकलं नाही. समोर गुडघ्यांवर बसले, जमिनीवर, आणि सगळं सांगितलं. पत्रा, ठोकणं, सगळं. खाली तिघं होती, कोण होतं मला ठाऊक नाही, हेही सांगितलं. मी वेणी घालत होते. थांबले नाही, हात थांबतच नव्हते. मिओरी आरशात बघत ऐकत होती. मग तिने विचारलं, काका, तुम्ही तिला काय सांगितलंत? हे म्हणाले, न्हावी किन्या आहे, सकाळी येतो, असं. ती म्हणाली, तुमचं नाव सांगितलंत? हो. आई तुम्हाला ओळखायची? हो, तिच्या लहानपणापासून. तिने बाही मांडीवर सारखी केली. मग म्हणाली — म्हणजे ती वाट बघत होती.

आरडाओरडा नाही. रडणं नाही. शेवटचा वेढा द्यायचा राहिला होता फक्त. ती म्हणाली, काकू, सोडा ती.

मी सोडली. एक एक पेड. तिने सगळी सुटेपर्यंत मान हलवली नाही. मग उठली, किमोनो नीट केला, आम्हा दोघांना वाकून नमस्कार केला, गिऱ्हाईक करतं तसा, आणि मोकळ्या केसांनी समारंभाला गेली. बाकीच्या पोरींच्या केसांत फुलं, मोती, काय काय. फोटोत दिसते ती, मागच्या रांगेत.

पुन्हा आली नाही.

आणि हे त्या रात्री झोपले, तेराशिमा-सान. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा, आडवे पडले आणि घोरायला लागले. मी बसून बघत होते. कोणाला काय वाटायचं ते वाटो, मला राग आला. म्हटलं, स्वतःचं ओझं उतरवलंत आणि ठेवलंत कुठे, तर त्या पोरीच्या डोक्यावर! सकाळी मी चहा दिला, शब्द नाही बोलले. जेवण वाढायचे, कपडे काढून ठेवायचे, बोलायचे नाही. दुकानात दोघं, मध्ये गिऱ्हाईक, आणि आम्ही त्या गिऱ्हाइकाशीच बोलायचो. त्या उन्हाळ्यात हे मेंदूत रक्तस्राव होऊन गेले, मागच्या अंगणात, कपडे वाळत घालताना, तेव्हाही मी — जाऊ दे. ते काय सांगत बसले मी तुम्हाला. दाढी झालीच आहे. थंड पाणी लावते जरा.

… नाही, हुकूम चूक होता असं मी कुठे म्हटलं? माणसं हलवायलाच हवी होती. चौकात हात पसरून हे उभे होते म्हणून कितीतरी पोरं आज धडधाकट आहेत, कुठे ना कुठे. मला कळतं ते. ह्यांनाही कळत होतं. कळून काय होतं?

उठा आता. मान पुसते. छान दिसताय, हॉलमधल्या आज्या तुमच्यावरून नजर काढणार नाहीत. … मी? नाही, मी नाही येत. मागच्या खेपेला आले होते की, शेवटच्या ओळीत होते. तुमचं सगळं बोलून झालं, नकाशा दाखवून झाला, की पुन्हा असं काही घडलं तर कोणी कुठल्या रस्त्याने जायचं, बस कुठे थांबेल, आयोडीनच्या गोळ्या कुठे मिळतील. चांगला नकाशा आहे. आमच्या वेळी नव्हता. मग तुम्ही म्हणालात, कोणाला काही विचारायचंय? मी हात वर केला होता. तुमचं लक्ष सोसुके आजोबांकडे होतं, मग मी खाली घेतला.

काय विचारणार होते? काही नाही हो. एवढंच, की भोंगा वाजला, गाव निघालं, आणि कोणीतरी म्हणालं, मी मागे थांबतो, खाली माणूस आहे, मला माहितीय काय होईल, तरी थांबतो — तर त्याला थांबू द्याल का तुम्ही? की ओढून बसमध्ये घालाल?

…

तो टॉवेल द्या इकडे. असू दे, ह्याचं उत्तर मला तरी कुठे ठाऊक आहे. जा आता, लोक खोळंबले असतील. आणि दार ओढून घ्या, तेराशिमा-सान, वारा येतो.